औषधाला पत्ता सापडेल काय?

हिवतापाशी लढण्यासाठी अतिसूक्ष्म कणांचे नवे विज्ञान

आधी थंडी भरते. अंगावर दोन गोधड्या टाकल्या तरी दात वाजायचे थांबत नाहीत. मग अंग भाजून निघते. शेवटी दरदरून घाम फुटतो, कपडे भिजतात आणि माणूस गळून पडतो. दुसऱ्या दिवशी जरा बरे वाटते म्हणून तो कामावर जातो, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच थंडी, तोच ताप. हिवतापाचे हे एक दिवसाआडचे येणेजाणे आपल्या वस्त्यांना नवे नाही. चाळीतल्या उघड्या टाकीपासून गडचिरोलीच्या जंगलापर्यंत, इमारतीच्या बांधकामापासून वीटभट्टीपर्यंत, जिथे कष्टकरी माणूस राहतो तिथे हा पाहुणा न बोलावता येतो.

हिवतापावर औषध आहे, सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळते आणि वेळेवर, पुरेसे घेतले तर रोगी बरा होतो. मग जगात अजून इतकी माणसे हिवतापाने का मरतात? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ या एका वर्षात जगात सुमारे २६ कोटी ३० लाख लोकांना हिवताप झाला आणि ५ लाख ९७ हजार माणसे दगावली. त्यांत आफ्रिकेतली पाच वर्षांखालची मुले सर्वांत जास्त. आपल्या देशाने यात चांगली मजल मारली आहे. सरकारी आकड्यांप्रमाणे २०१५ साली भारतात ११ लाख ६९ हजारांवर रुग्ण होते, ते २०२३ साली सव्वादोन लाखांवर आले. पण शून्य होईपर्यंत लढाई संपत नाही. शास्त्रज्ञ या लढाईत एक नवे हत्यार घडवू पाहत आहेत. त्याचे नाव नॅनो तंत्रज्ञान. ते काय आहे, ते आपल्या उपयोगाचे आहे का आणि असेल तर आपल्यापर्यंत पोहोचेल का, हे तीन प्रश्न घेऊन आम्ही हा लेख लिहीत आहोत.

रोग लपतो कुठे?

हिवताप ना कोणाच्या नजरेने होतो, ना बाहेरच्या बाधेने. १८८० साली अल्जीरियात लाव्हरान या फ्रेंच लष्करी डॉक्टरला रोग्याच्या रक्तात हिवतापाचा परजीवी दिसला. २० ऑगस्ट १८९७ रोजी आपल्याच देशात, सिकंदराबादेत, रोनाल्ड रॉस यांना तो डासाच्या पोटात सापडला. एकशे पंचवीसहून अधिक वर्षांपूर्वी सिद्ध झालेली ही गोष्ट आहे. तेव्हा तापाच्या रोग्याला अंगारा लावून भगतापुढे बसवणे म्हणजे परजीवीला वाढायला सवड देणे होय.

ॲनॉफिलिस जातीची मादी चावली की तिच्या लाळेतून परजीवी आपल्या रक्तात शिरतात आणि तासाभराच्या आत यकृत गाठतात. तिथे ते काही दिवस गुपचूप वाढतात. रोग्याला याचा पत्ताही नसतो. मग हजारोंच्या संख्येने ते रक्तात उतरतात आणि तांबड्या पेशींत घुसतात. पेशीतले हिमोग्लोबिन खातात, वाढतात, आणि साधारण ४८ तासांनी पेशी फोडून बाहेर पडून नव्या पेशी धरतात. पेशी फुटण्याची वेळ ही थंडी भरण्याची वेळ. एक दिवसाआड ताप का येतो, याचे उत्तर हे असे आहे.

आपल्याकडे मुख्यतः दोन जातींचा हिवताप आढळतो. फाल्सिपेरम हा घातक. तो मेंदूपर्यंत पोहोचला तर रोग्याचे प्राण जाऊ शकतात. दुसरा व्हायव्हॅक्स. तो सहसा इतका घातक नसतो, पण चिवट असतो. त्याचे काही परजीवी यकृतात झोपून राहतात आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, जागे होऊन पुन्हा ताप आणतात. डास पुन्हा चावायचीही गरज नसते. "औषध घेतले होते, तरी हिवताप उलटला," असे आपल्या माता-भगिनी सांगतात तेव्हा पुष्कळदा हा झोपलेला परजीवी जागा झालेला असतो.

औषधे आहेत, मग अडते कुठे?

हिवतापाची औषधे जगाला झाडपाल्याने दिली. दक्षिण अमेरिकेतल्या सिंकोना झाडाच्या सालीतून १८२० साली फ्रान्समध्ये क्विनीन वेगळे काढले गेले. १९३४ साली जर्मनीत क्लोरोक्वीन तयार झाले आणि पुढे ते गरिबांचे मोठे औषध ठरले. १९७० च्या दशकाच्या आरंभी चीनमध्ये तू यूयू या संशोधक महिलेने आपल्या सहकाऱ्यांसह एका कडवट वनस्पतीतून आर्टेमिसिनीन मिळवले. जुन्या ग्रंथातला उल्लेख वाचून तिने वनस्पती उकळणे सोडले आणि कमी उष्णतेवर अर्क काढला, तेव्हा औषधाचा गुण टिकला. २०१५ साली तिला नोबेल पारितोषिक मिळाले.

औषधे गुणकारी आहेत, यात शंका नाही. अडते ते चार ठिकाणी.

पहिली अडचण वाटेतली. आपण गोळी गिळतो ती पोटात जाते, विरघळते, रक्तात मिसळते आणि सर्व शरीरभर पसरते. रोग असतो काही पेशींत, पण औषध जाते डोळ्यांत, हृदयात, कानांत, सगळीकडे. एका खोलीत ढेकूण झाले म्हणून पन्नास खोल्यांच्या चाळीला फवारणी करावी, तसा हा प्रकार. मळमळ, चक्कर, तोंडाची कडवट चव हे त्याचेच परिणाम. मात्रा वाढवावी तर त्रास वाढतो आणि कमी करावी तर परजीवी वाचतो.

दुसरी अडचण विरघळण्याची. काही औषधे पाण्यात नीट विरघळत नाहीत. फाल्सिपेरमवर आर्टेमेथर आणि ल्युमफॅन्ट्रिन ही जोडगोळी ईशान्येकडील राज्यांत आणि आफ्रिकेत दिली जाते. त्यातले ल्युमफॅन्ट्रिन उपाशीपोटी घेतले तर अंगी फारच थोडे लागते. दुधाबरोबर किंवा स्निग्ध जेवणाबरोबर घेतले तर ते कित्येक पट जास्त शोषले जाते. आता ज्या घरात चुलीवर तेल मोजून पडते, त्या घरातल्या तापाने फणफणलेल्या मुलाने दूध आणायचे कुठून? औषध तेच, पण खात्यापित्या घरात ते जास्त लागू पडते आणि उपाशी घरात कमी. ही गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटते.

तिसरी अडचण काळाची. आर्टेमिसिनीनच्या कुळातली औषधे झपाट्याने काम करतात, पण काही तासांतच शरीरातून निघून जातात. म्हणून त्यांना जास्त काळ टिकणाऱ्या दुसऱ्या औषधाची सोबत द्यावी लागते आणि गोळ्या तीन दिवस घ्याव्या लागतात. व्हायव्हॅक्समध्ये तर क्लोरोक्वीनच्या तीन दिवसांनंतरही झोपलेल्या परजीवीसाठी प्रायमाक्वीन एकूण १४ दिवस घ्यावे लागते. ताप उतरतो चौथ्या दिवसापर्यंत. रोजंदारी बुडालेली असते, माणूस कामाला लागतो आणि उरलेल्या गोळ्या फळीवर पडून राहतात.

चौथी अडचण सर्वांत मोठी. अर्धवट औषधाला परजीवी सरावतो. क्लोरोक्वीनला दाद न देणारा फाल्सिपेरम भारतात प्रथम १९७३ साली आसाममध्ये नोंदला गेला. पुढे फाल्सिपेरमसाठी क्लोरोक्वीन सोडावेच लागले. एकट्या आर्टेमिसिनीनच्या गोळ्या विकण्यावर भारताने २००९ साली बंदी घातली ती यासाठीच, की निदान हे औषध तरी हातचे जाऊ नये.

नॅनो म्हणजे किती लहान?

नॅनो हे मापाचे नाव आहे. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. डोक्याचा एक केस सुमारे ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर जाडीचा असतो. रक्तातली तांबडी पेशी सात-आठ हजार नॅनोमीटरची असते. औषध वाहून नेण्यासाठी जे कण बनवतात ते बहुधा काही दहा ते काही शेकडा नॅनोमीटरचे असतात. म्हणजे तांबड्या पेशीपुढे हा कण बैलगाडीपुढे लिंबाएवढा.

असे कण अनेक प्रकारे बनवतात. सर्वांत जुना प्रकार लायपोसोम. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये ॲलेक बॅंगहॅम यांना दिसले की ठरावीक जातीची चरबी पाण्यात घातली तर तिचे आपोआप पोकळ फुगे होतात. या चरबीच्या रेणूचे डोके पाण्याकडे ओढ घेते आणि शेपूट पाण्यापासून पळते. म्हणून रेणू शेपटीला शेपूट लावून दुहेरी भिंत उभी करतात. आपल्या पेशींची भिंतही जवळपास अशीच असते. या फुग्याच्या आत पाण्यात विरघळणारे औषध भरता येते आणि भिंतीत तेलकट औषध रुतवता येते. म्हणजे औषधाला डबा मिळाला.

दुसरा प्रकार औषधच दळून अतिसूक्ष्म करण्याचा. खडीसाखरेपेक्षा पिठीसाखर लवकर विरघळते, कारण पाण्याला लागणारा तिचा पृष्ठभाग कितीतरी जास्त असतो. तेच तत्त्व इथे आहे. न विरघळणाऱ्या औषधाचे नॅनो कण केले तर ते पोटातून बरे शोषले जाते. किंवा तेच कण दंडात टोचून ठेवले तर तिथून दिवसचे दिवस थोडे थोडे रक्तात उतरत राहतात.

तिसरी गोष्ट पत्त्याची. कणाच्या बाहेरच्या बाजूला असा रेणू चिकटवायचा की जो ठरावीक पेशीलाच ओळखतो आणि तिलाच बिलगतो. डब्यावर नाव आणि खोली नंबर लिहिल्यासारखे हे झाले. मग डबा त्याच दारात उतरावा, अशी अपेक्षा.

बिहारच्या गरिबाला झालेला उपयोग

हे सारे पुस्तकातले आहे, असे कोणी म्हणेल. म्हणून आम्ही एक घडलेले उदाहरण सांगतो. ते हिवतापाचे नाही, पण हिवतापासारख्याच दुसऱ्या एका रोगाचे आहे.

काळा आजार हा वालुमाशीच्या चावण्याने होणारा रोग. दीर्घकाळ ताप येतो, पाणथरी सुजते, रक्त कमी होते आणि औषध न मिळाल्यास रोगी बहुधा दगावतो. भारतात याचे माहेर बिहार, आणि त्या लगतचे झारखंड, उत्तर प्रदेश आणि बंगालचे काही जिल्हे. मातीच्या ओलसर झोपड्यांत, गुरांशेजारी निजणाऱ्यांना तो जास्त होतो. बिहारमधल्या मुसहर या दलित समाजाने याचा मार फार सोसला. ॲम्फोटेरिसिन हे औषध यावर चाले, पण जुन्या रूपात ते मूत्रपिंडाला इजा करी. महिनाभर दवाखान्यात पडून एक दिवसाआड शिरेतून देण्याच्या १५ मात्रा घ्याव्या लागत. ज्याच्या घरी रोजच्या मजुरीशिवाय चूल पेटत नाही, त्याने महिनाभर कसे पडून राहावे?

मग तेच ॲम्फोटेरिसिन शंभर नॅनोमीटरहून लहान अशा लायपोसोमच्या डब्यात भरले गेले. काळ्या आजाराचा परजीवी पाणथरी, यकृत आणि अस्थिमज्जेतल्या भक्षक पेशींत लपतो. या पेशींचे कामच मुळी रक्तातले परके कण गिळणे. त्यांनी औषधाचा डबाही गिळला आणि औषध थेट शत्रूच्या बिळात पोहोचले. बनारस हिंदू विद्यापीठाचे डॉ. श्याम सुंदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या औषधाची एकच मात्रा घेतलेल्यांपैकी सहा महिन्यांनी ९५.७ टक्के रोगी बरे आढळले. जुन्या पद्धतीने १५ मात्रा घेतलेल्यांत हे प्रमाण ९६.३ टक्के होते. म्हणजे एक महिन्याचे काम एका दिवसात झाले. २०१४ साली भारत सरकारने ही एक मात्रेची पद्धत आपल्या कार्यक्रमात घेतली. त्या वर्षी देशात काळ्या आजाराचे नऊ हजारांवर रुग्ण होते. २०२३ साली ते हजाराच्या आत आले. यात फवारणीचा आणि घरोघर फिरणाऱ्या आशाताईंचाही वाटा आहे, पण औषधाचा वाटा मोठा आहे.

नॅनो औषध हे केवळ श्रीमंतांच्या रुग्णालयाचे काम नाही, याचा हा पुरावा होय.

हिवतापात काम अवघड का?

काळ्या आजारात जे जमले ते हिवतापात लगेच का जमत नाही? कारण हिवतापाचा परजीवी लबाड आहे. तो तांबड्या पेशीत जाऊन बसतो, आणि तांबडी पेशी काही गिळत नाही. डबा दारापर्यंत गेला तरी आत घेणारे कोणी नाही. शिवाय परजीवी पेशीच्या आत स्वतःभोवती आणखी एक पडदा घेऊन बसतो. पेशीची भिंत, त्याचा पडदा, त्याची स्वतःची भिंत, अशी तीन दारे ओलांडल्यावर औषध त्याच्यापर्यंत पोहोचते. त्यात रक्तातल्या तांबड्या पेशी अब्जावधी, आणि बाधित त्यांतल्या काहीच. नेमकी तीच पेशी ओळखायची कशी?

वाट मात्र त्या लबाडीतच सापडली. बाधित पेशीच्या अंगावर परजीवी आपल्या खुणा उमटवतो. निरोगी पेशीवर त्या नसतात. त्या खुणा ओळखणारे प्रतिपिंड लायपोसोमवर चिकटवले तर? या दिशेने आपल्या देशात फार आधी काम झाले आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८७ साली प्रतिपिंड लावलेल्या लायपोसोममधून हिवताप झालेल्या उंदरांच्या तांबड्या पेशींपर्यंत क्लोरोक्वीन पोहोचवून दाखवले. स्पेनमधल्या बार्सिलोनाच्या संशोधकांनी २०११ साली असे लायपोसोम बनवले की जे प्रयोगशाळेच्या काचपात्रात बाधित पेशींना बिलगले आणि निरोगी पेशींना त्यांनी सोडून दिले. त्यांतून दिलेल्या औषधाचा प्रभाव सुमारे दहापट वाढलेला दिसला.

आपल्या मुंबईनेही यात हात लावला आहे. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था म्हणजे आयसीटी आणि कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था, या दोन संस्थांतल्या संशोधकांनी मिळून आर्टेमेथर हे औषध चरबीच्या नॅनो कणांत भरले. त्याला त्यांनी नॅनोजेक्ट असे नाव दिले. या अभ्यासाचा निबंध २००८ साली प्रसिद्ध झाला. आर्टेमेथरचे बाजारातले इंजेक्शन तेलात केलेले असते आणि ते स्नायूतून सावकाश, कधी कमी कधी जास्त, असे शोषले जाते. उंदरांवरच्या चाचणीत नॅनो कणांचे इंजेक्शन बाजारातल्या इंजेक्शनाहून सरस ठरले आणि त्याचा परिणामही जास्त दिवस टिकला. या कामात पुढाकार घेणाऱ्यांत वंदना पत्रावळे, शोभना शर्मा, सुलभा पाठक आणि मेधा जोशी अशी महिलांची नावे आहेत, हे शिकणाऱ्या आपल्या मुलींना आवर्जून सांगावे.

यकृतात झोपलेल्या परजीवीकडे जाण्याचा मार्ग त्या मानाने सोपा, कारण रक्तात सोडलेले कण पुष्कळसे यकृतातच जाऊन थांबतात. प्रायमाक्वीन लायपोसोममध्ये भरून उंदरांवर त्याचा विषारीपणा कमी करण्याचे प्रयोग १९८० च्या सुमारासच बेल्जियममध्ये झाले होते.

दुसरी वाट आहे ती दीर्घकाळ पुरणाऱ्या इंजेक्शनाची. ॲटोव्हाक्वोन या औषधाचे नॅनो कण करून ते उंदरांच्या स्नायूत टोचले असता एकाच टोचणीने त्यांना दीर्घकाळ हिवतापापासून संरक्षण मिळाले. अमेरिका आणि इंग्लंडमधल्या संशोधकांनी २०१८ साली हे प्रसिद्ध केले. माणसांत एका टोचणीचा परिणाम निदान महिनाभर टिकू शकेल, असा त्यांचा हिशेब आहे. २०२० साली युनिटेड या आंतरराष्ट्रीय संस्थेने लिव्हरपूल विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली हिवताप, क्षय आणि हेपॅटायटिस सी या रोगांवर अशीच दीर्घकाळ पुरणारी औषधे बनवण्याच्या कामाला पैसा दिला. पावसाळ्याच्या तोंडाला एकदा टोचून घ्यावे आणि रोज गोळीची आठवण ठेवायची गरज राहू नये, अशी ही कल्पना आहे.

आमच्या वाचकांचा गैरसमज होऊ नये म्हणून स्पष्ट सांगतो. यातले बहुतेक काम काचपात्रात आणि उंदरांवर झालेले आहे. उंदरात जमले ते माणसात जमेलच असे नसते. उद्या कोणी "हिवतापाचे नॅनो औषध" म्हणून बाटली विकायला आला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

नाण्याची दुसरी बाजू

नव्या औषधाचे गुण सांगावेत तसे त्याचे प्रश्नही सांगावेत. महिनाभर टिकणारे औषध एकदा टोचले की काढून घेता येत नाही. कोणाला ते सोसले नाही तर काय? शिवाय महिन्याच्या शेवटी शरीरात औषध थोडेसेच उरते, आणि थोड्या औषधात परजीवी सराव करतो. कणांचे डबे बनवणे खर्चाचे, ते टिकवायला पुष्कळदा थंडावा लागतो, आणि शिरेतून द्यायचे तर दवाखाना, खाट आणि शिकलेली परिचारिका लागते. जिथे वीज दिवसदिवस जाते अशा उपकेंद्रात हे कसे सांभाळायचे?

आणि किंमत? महाराष्ट्राने याचा कडू अनुभव घेतला आहे. २०२१ साली कोरोनानंतर काळ्या बुरशीचा रोग पसरला, तेव्हा हेच लायपोसोमचे ॲम्फोटेरिसिन लागले. इंजेक्शनासाठी नातेवाईक या दुकानातून त्या दुकानात, या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात फिरत होते. औषध शास्त्राच्या पुस्तकात होते, पण फळीवर नव्हते. त्याच मे महिन्यात वर्ध्याच्या एका कारखान्यात ॲम्फोटेरिसिनचे इंजेक्शन तयार होऊ लागले. म्हणजे ठरवले तर आपल्या गावाजवळही ते बनू शकते. बिहारमध्ये एक मात्रेचे औषध गरिबाला मिळाले, तेही आपोआप मिळाले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली कंपनीकडून कमी दराचा करार मिळवला, पुढे देणगीची औषधे मिळवली, आणि सरकारने ती फुकट वाटली, म्हणून मिळाले.

इथे एक जुनी गोष्ट आठवते. सिकंदराबादेत रॉस यांनी डास पाळले, पण ते डास चावून घ्यायला हुसेन खान नावाचा हिवतापाचा रोगी होता. चावणाऱ्या दर डासामागे त्याला एक आणा मिळत असे. त्याच डासांच्या पोटात परजीवी सापडला. पुढे १९०२ साली रॉसना नोबेल पारितोषिक मिळाले. काळ्या आजाराच्या नव्या औषधाची परीक्षाही बिहारच्या गोरगरिबांच्या शरीरावरच झाली. विज्ञानासाठी अंग पुढे करणारी माणसे बहुधा गरीब असतात. तेव्हा त्या विज्ञानाचे फळ त्यांना एक आण्यावर मिटवता कामा नये. ज्यांच्या रक्तातून ज्ञान मिळाले त्यांच्या दारी औषध फुकट आणि आधी पोहोचले पाहिजे, ही मागणी भिकेची नाही, हक्काची आहे.

तोवर आपण काय करावे?

नवे औषध येईल तेव्हा येईल. आज हाताशी असलेले औषध नीट घेतले तर हिवतापाने कोणी मरायचे कारण नाही. म्हणून घरातल्या मोठ्या बाईने आणि शिकलेल्या मुलाने पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

थंडीताप आला की त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात बोटाच्या थेंबावर पंधरा-वीस मिनिटांत तपासणी होते. कोणत्या जातीचा हिवताप आहे ते विचारावे, कारण औषध त्यावर ठरते.

गोळ्या सांगितल्या तितके दिवस घ्याव्यात. व्हायव्हॅक्स असेल तर १४ दिवस. ताप उतरला म्हणजे रोग गेला असे नव्हे. कॅलेंडरवर रोज खूण करावी. उरलेल्या गोळ्या शेजारणीच्या मुलाला देऊ नयेत. औषध घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर डॉक्टरांना विचारून मात्रा पुन्हा घ्यावी.

प्रायमाक्वीन गरोदर बाईला आणि वर्षाखालच्या मुलाला देत नाहीत. काहींच्या रक्तात जी-सहा-पी-डी नावाचे द्रव्य जन्मतःच कमी असते. अशांना या गोळीने रक्त फुटण्याचा धोका असतो. गोळी सुरू असताना लघवी काळपट किंवा लालसर झाली, डोळे पिवळे दिसले, धाप लागली, तर गोळी थांबवून तडक दवाखाना गाठावा.

विदर्भातल्या आपल्या बौद्ध आणि आदिवासी कुटुंबांसाठी आणखी एक सूचना. आपल्यात सिकलसेलचे प्रमाण बरेच आहे. सिकलसेलचा एकच दोष असलेल्या वाहकाला घातक हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते, हे शास्त्राने सिद्ध केले आहे. पण ज्याला दोन्हीकडून दोष येऊन प्रत्यक्ष आजार आहे, त्याला हिवताप फार जड जातो. अशा मुलाला ताप आला तर रात्र काढू नये. डॉक्टरांना सिकलसेलचे कार्ड आधी दाखवावे.

मुंबईसारख्या शहरातला हिवतापाचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो. गच्चीवरची टाकी, पिंप, बांधकामाचा खड्डा, कुंडीखालची बशी ही त्याची घरे. टाकीला घट्ट झाकण आणि आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी कोरडी, एवढे केले तरी निम्मे काम झाले. खेड्यात आणि जंगलपट्टीत औषधी मच्छरदाणी मिळते. ती मासे धरायला किंवा परड्याला कुंपण म्हणून न वापरता निजताना लावावी.

गंभीर लक्षणे कोणती? शुद्ध हरपणे, झटके येणे, वारंवार उलट्या, लघवी कमी होणे, मूल दूध न पिणे. यांपैकी एक जरी दिसले तरी गोळीची वाट न पाहता मोठ्या दवाखान्यात न्यावे.

वाचक बंधू-भगिनींनो, औषधाला पत्ता शिकवण्याचे काम शास्त्रज्ञ करीत आहेत, आणि त्यात आपल्या लखनौचे व मुंबईचे लोक आहेत याचा आम्हाला अभिमान वाटतो. उद्या या प्रयोगशाळांत आपल्या वस्तीतली मुलेमुली बसावीत, म्हणून रसायन, जीवशास्त्र आणि औषधनिर्माण या विषयांकडे त्यांना वळवावे. पण औषधाच्या डब्यावर पेशीचा पत्ता लिहून भागणार नाही. त्या डब्यावर गडचिरोलीच्या पाड्याचा, वीटभट्टीवरच्या पालाचा आणि चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीचा पत्ताही असला पाहिजे. तो पत्ता कोणी शास्त्रज्ञ लिहिणार नाही. ग्रामसभेत, वॉर्डाच्या बैठकीत आणि आरोग्य केंद्राच्या दारात उभे राहून तो आपल्यालाच लिहावा लागेल.